जिन्यातलं वायफाय

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला, "अक्षर कसं आहे?"

एकट्या बाईला खोली देताना लोक काय काय विचारतात ते मला पाठ होतं. लग्न का नाही केलं, येणारंजाणारं कोण, रात्रपाळी असते का. अक्षराची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक जाडसर कार्ड आणि बॉलपेन काढून माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "लिहा काहीतरी." मी वैतागून लिहिलं, 'पाणी किती वाजता येतं?' त्यांनी कार्ड हातभर लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "लांबून वाचता येतंय. घ्या खोली. पाणी सकाळी सहाला."

घर अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या गल्लीत. खाली ते एकटे, वर आम्ही तीन भाडेकरू. मोरिवलीच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म स्टोअर सांभाळण्यात घालवला होता, म्हणून सगळी गल्ली त्यांना स्टोअरवाले काका म्हणायची. काकू वारल्या होत्या, मुलगा पुण्याला होता. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या, पंखे, लोखंडी कपाटंसुद्धा घरी नेली. काकांनी आणले कोऱ्या बिन कार्डांचे गठ्ठे. बिन कार्ड म्हणजे स्टोअरमधल्या प्रत्येक कप्प्याला टांगलेलं कार्ड. कप्प्यात काय आहे, केव्हा आलं, शेवटचं कुणी पाहिलं, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. "ज्या कप्प्याला कार्ड नाही, त्यात माल नाही," असं काका म्हणायचे. माल डोळ्यांना दिसत असला तरी त्यांच्या लेखी तो नसायचाच.

मुलाने त्यांना हट्टाने इंटरनेट घेऊन दिलं होतं, नातवंडांचे चेहरे दिसावेत म्हणून. काकांना त्याचं काही विशेष नव्हतं. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि तोही ते कानापासून चार बोटं लांब धरायचे. पण एक दिवस ते रेशनच्या दुकानावरून आले ते तणतणतच. दुकानाबाहेर कागद लावला होता, 'सविस्तर माहिती वेबसाइटवर पाहावी.' कागदासमोर सात-आठ बायका उभ्या, आणि त्यांतल्या एकीकडेही इंटरनेटचा फोन नाही. काका मला जिन्यात अडवून म्हणाले, "म्हणजे कप्पा रिकामा, आणि कार्डावर लिहिलंय माल दुसऱ्या गोदामात आहे. बरं, असेल. त्या गोदामाची किल्ली कुणाकडे आहे?"

दुसऱ्या दिवशी ते उल्हासनगरला गेले आणि जिन्यात लावायला एक दांडगं वायफायचं यंत्र घेऊन आले. तिथल्या सिंधी दुकानदाराची गोष्ट ते रंगवून सांगायचे. दुकानदाराने विचारलं, "काका, पासवर्ड क्या रखूँ?" काका म्हणाले, "नको." "अरे साईं, पूरी गल्ली फुकट चलायेगी!" "म्हणून तर घेतोय." दुकानदाराने म्हणे शेजारच्या दुकानातल्या भावाला हाक मारून बोलावलं, हा माणूस बघून घे म्हणून.

अशा रीतीने आमच्या जिन्यात वायफाय आलं. कुणीही यावं, पायरीवर बसावं, आपलं काम करावं. अट एकच. उठायच्या आधी एक कार्ड लिहायचं. आपण जे वाचलं त्यातलं चार लोकांच्या उपयोगाचं काहीतरी. काय आहे, कुठे पाहिलं, केव्हा पाहिलं, कुणाच्या कामाचं. मग काका ते कार्ड वाचणार, दोन प्रश्न विचारणार आणि जिन्याच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवणार. खिळे त्यांनी ओळंबा लावून ठोकले होते. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी तोंडी सांगायचं आणि चांगल्या अक्षराच्या भाडेकरूंनी उतरवायचं. माझी खोली मला कशी मिळाली त्याचा उलगडा मला असा झाला.

काका स्वतः त्या इंटरनेटवर काहीच बघायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "स्टोअरवाला माल वापरत नाही मॅडम, सांभाळतो." ते खाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पायऱ्यांवरच्या माणसांचे चेहरे बघत बसायचे. हसणारा माणूस म्हणजे रील बघणारा, कपाळाला आठ्या घातलेला म्हणजे फॉर्म भरणारा, असा त्यांचा हिशेब होता. हसणाऱ्याला ते उठवायचे. एकदा एक बाई आठ्या घालून मालिका बघत होती, ती तासभर सुटली.

मुलाला हे कळलं तेव्हा त्याने पुण्याहून फोनवर आकाशपाताळ एक केलं. कनेक्शन आपल्या नावावर, उद्या कुणी काही भानगड केली तर पोलीस आपल्या दारात. त्याचं काही चुकीचं नव्हतं. शेवटी काकांनी पासवर्ड घालून घेतला आणि रोज जिन्यात बसणाऱ्यांची नावं वहीत लिहायला सुरुवात केली. पासवर्डही त्यांनी एका कार्डावर लिहून पहिल्या खिळ्याला लावला. मुलगा म्हणाला, "बाबा, मग उपयोग काय?" काका म्हणाले, "फोनला असू दे. भिंतीला कशाला पासवर्ड?"

त्यांचा ठरलेला प्रश्न होता, "पाहिलंत की ऐकलंत?" ऐकलेल्याच्या कार्डांची रांग वेगळी, खाली, जवळजवळ पायपुसण्याच्या उंचीवर. एकदा सगळ्या गल्लीत मेसेज फिरला, तीन दिवस पाणी बंद. मी स्वतः बादल्या, टोप, कुकरसुद्धा भरून ठेवला. काका विचारत सुटले, मेसेजवर तारीख कुठली आहे? तारीख नव्हती. तेव्हा ते चालत पाण्याच्या ऑफिसात गेले, आणि परत येऊन कार्ड लावलं, 'उद्या पाणी येणार. कुठे पाहिलं: ऑफिसात, साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून.' कुणी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सहाला पाणी आलं, धो धो आलं, आणि आमच्या कुणाकडे ते भरायला रिकामं भांडं नव्हतं. मेसेज दोन वर्षांपूर्वीचा निघाला. काकांनी एका शब्दाने चिडवलं नाही, पण आठवडाभर ते कार्ड काढलंही नाही.

आता खरं सांगायचं तर मला ह्या सगळ्याचा कंटाळा येऊ लागला होता. माझ्या फोनमध्ये माझं इंटरनेट होतं. जिन्यातल्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझ्या कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर उभं राहून यायचं आणि जिन्यात कुणाचं तरी कार्ड लिहून द्यायचं. त्यात काका मास्तरसारखे चुका काढणार. गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर एक बोट लावलं की काम झालं, असं माझं मत. मी काकांना तसं सुनावलंही. ते म्हणाले, "ग्रुपला खिळा नसतो. खालचं वर येतं, वरचं वाहून जातं." आणि तसंही बटणांच्या फोनवर ग्रुप येत नव्हता.

दर सोमवारी वाडीवरची एक बाई मंदिरापाशी बेल आणि फुलं विकायला बसायची. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. तिची मुलगी सुगंधा बारावी झाली होती. आई विकायला बसली की सुगंधा आमच्या जिन्यात यायची. वाडीवर रेंज नव्हती. फाट्यावर एक दुकान होतं तिथे काडी-दोन काड्या यायच्या. घरात फोन एक, तो बापाबरोबर वीटभट्टीवर. त्यामुळे सुगंधाचा आठवडा म्हणजे सोमवारचे दोन तास. तेवढ्यात ती जिन्यातल्या जुन्या फोनवर सगळं उरकायची. तो फोन काकांनी तिच्यासारख्यांसाठी साखळीने कठड्याला बांधून ठेवला होता. जाताना तिचं कार्ड सगळ्यांत नीट असायचं.

तिने नर्सिंगच्या कोर्सला अर्ज केला होता. बापाने एक वर्ष दिलं होतं. ह्या वर्षी नंबर लागला तर शिक, नाहीतर कर्जतकडचं एक स्थळ आलेलं होतं. हे तिनेच मला पायरीवर बसून सांगितलं होतं, अगदी साध्या आवाजात, एसटीची वेळ सांगावी तसं. मला ती पोर आवडायची.

यादी लागली, तिचं नाव त्यात होतं. त्या सोमवारी तिने कार्ड लिहिलं, 'कागदपत्रं तपासणी पुढच्या आठवड्यात गुरुवारी. मूळ कागद घेऊन स्वतः हजर. कुणाच्या कामाचं: सुगंधा, निरोप फाट्यावरच्या दुकानात.' खाली दुकानाचा नंबर. सोमवारी झेरॉक्स काढायच्या, गुरुवारी जायचं, असं तिचं ठरलं.

त्याच कोर्सला माझ्या बहिणीच्या मुलीनेही अर्ज केला होता, बदलापूरहून. म्हणून मी ती वेबसाइट रोज बघत होते. बुधवारी संध्याकाळी बघितलं तर सूचना बदललेली. तपासणी गुरुवारी नाही, ह्याच शनिवारी. मी आधी बहिणीला फोन केला. मग सूचनेचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'अर्जंट. नर्सिंगवाल्या मुलींना कळवा.' तीन अंगठे आले, एक नमस्कार आला. मी फोन चार्जिंगला लावला.

जिना उतरून खाली गेले नाही. आदल्याच दिवशी काकांनी माझं एक कार्ड परत केलं होतं. मी त्यावर 'लवकरच' असं लिहिलं होतं आणि त्यांचं म्हणणं, लवकरच ही तारीख नाही. मी म्हटलं होतं, "काका, मी नोकरी करते, शाळेत नाही येत." तो राग अजून होता. आणि ग्रुपवर टाकलंच होतं की. खाली जायला एकोणीस पायऱ्या होत्या. मी नंतर मोजल्या.

पुढच्या सोमवारी माझी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी घरीच होते. जिन्यात आवाज नव्हता, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. बाहेर आले तर सुगंधा चौथ्या पायरीवर प्लास्टिकची फाइल मांडीवर घेऊन बसलेली, आणि काका तिच्यासमोर उभे. साखळीच्या फोनवर ओळ होती, 'तपासणी पूर्ण. गैरहजर उमेदवारांचा हक्क राहणार नाही.' काकांनी आपल्या फोनवरून कोर्सच्या ऑफिसला फोन लावून माझ्या हातात दिला. तिकडून एक माणूस म्हणाला, "वेबसाइटवर टाकलं होतं मॅडम. आम्ही काय घरोघर सांगायला जाणार का?"

मी फोन ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पण टाकलं होतं ग्रुपवर. बुधवारीच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या ग्रुपवर?"

"आपल्या गल्लीच्या."

"ही आहे त्यात?"

मी मान हलवली, नाही.

"मी आहे?"

ते एवढंच बोलले. आवाजही चढवला नाही. सुगंधाने फाइल पिशवीत घातली आणि म्हणाली, "जाऊ द्या काका, आईला हातभार लावते," आणि मंदिराकडे गेली. मला त्या क्षणी तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्या भाचीचं काम झालं होतं. बहिणीने सकाळीच पेढे देते म्हणून फोन केला होता.

संध्याकाळी भिंतीवर नवीन कार्ड होतं. 'इथे गुरुवार लिहिलं होतं ते बुधवारीच जुनं झालं होतं. बदललं नाही. चूक: घरमालक.' मी ते वाचलं आणि वर जाऊन रडले. जेवले नाही. चूक कुणाची हे आम्हां तिघांनाच माहीत होतं, आणि त्यांनी ती स्वतःच्या नावावर चढवून भिंतीला लावली होती.

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर निघाले. मी विचारलं, कुठे? म्हणाले, "वाडीवर. तिच्या बापाला सांगायला नको?" मी चपला घातल्या. बदलापूरपर्यंत लोकलने आणि तिथून पुढे टमटमने आम्ही गेलो.

फाट्यापासून चढ होता. काका दोनदा थांबले. सुगंधाचा बाप अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होता. त्याने पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं. सुगंधा आणि तिची आई दारात उभ्या राहिल्या. काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "तुमच्या मुलीचं वर्ष गेलं ते तिच्यामुळे नाही. माझ्या भिंतीवर चुकीचं लिहिलेलं राहिलं."

"काकांची चूक नाही," मी म्हटलं. "मला बुधवारी कळलं होतं. मी खाली जाऊन सांगितलं नाही. रागात होते. माझ्या भाचीला सांगितलं, हिला नाही."

कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. मग सुगंधाची आई मला म्हणाली, "बाय, दुकानावर यक फोन केला आसता तरी त्यानं पोराला धाडला आसता वर. आमी रातीच निघालू आसतू."

"हो," मी म्हटलं.

काका बापाला म्हणाले, "आणखी एक वर्ष द्या."

बापाने एक पेंढी उचलून रचीवर ठेवली. "वरीस दीन वो," तो म्हणाला. "लगीन काय, हुईल. पन फुडल्या वर्षी पन ते फोनातच येनार, आन आमी हितं. सांगाया कोन येनार?"

काका तोंड उघडणार होते. मी आधी म्हटलं, "मी येईन."

परत येताना टमटममध्ये काका म्हणाले, "चढ बराच आहे मॅडम." मी म्हटलं, "बघितलाय मी."

त्या दिवसानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. फक्त एक केलं. उरलेल्या सगळ्या कोऱ्या कार्डांवर, गठ्ठेच्या गठ्ठे, त्यांनी पट्टी लावून एक जास्तीचा रकाना आखायला घेतला. 'कुणाला सांगितलं.' ग्रुपवर टाकलं, नेटवर आहे, असं त्यात चालायचं नाही. माणसाचं नाव पाहिजे, आणि त्या माणसाने स्वतः लिहायचं किंवा अंगठा द्यायचा. लोक कुरकुरले. मी कुरकुरले नाही. मीही संध्याकाळी बसून पट्ट्या मारल्या. भिंतीवरची जुनी कार्डं एकेक करून उतरली. सुगंधाचं ते गुरुवारचं कार्ड मात्र काकांनी काढलं नाही. स्टोअरमध्ये काम संपलं की कार्डाखाली लाल रेघ मारून ते फायलीला लावतात. ह्या कार्डाच्याही शेवटी त्यांनी तो नवा रकाना आखला, पण लाल रेघ मारली नाही. जाता-येता ते मला दिसायचं.

पुढच्या वर्षी सुगंधाने पुन्हा अर्ज केला. मी वेबसाइट सकाळी पाळीला जाताना, जेवणाच्या सुट्टीत आणि घरी आल्यावर अशी दिवसातून तीनदा बघायचे. लॅबमधल्या बायका म्हणायच्या, हिचंच ॲडमिशन आहे वाटतं. यादी शुक्रवारी दुपारी लागली. तिचं नाव वरून सहावं होतं. तपासणी सोमवारीच, सकाळी दहाला.

मी आधी फाट्यावरच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, सांगतो कुणाकडून तरी. कुणाकडून तरी ह्यावर आता माझा विश्वास नव्हता. मी अर्धी रजा टाकली, घरी येऊन कार्ड लिहिलं आणि निघाले. काका स्टुलावर होते. त्यांनी कार्ड हातभर लांब धरून वाचलं आणि छत्री दिली.

वाडीवर पोचले तेव्हा सुगंधा शेळ्या बांधत होती. दुकानदाराचा निरोप अजून यायचाच होता. मी धापा टाकत कार्ड तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, दोनदा वाचलं, मग माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, हात धरायचाय. तिला पेन हवं होतं. कार्ड गुडघ्यावर ठेवून तिने शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'मला सांगितलं. सुगंधा.' आणि मग ती रडली, आणि मीही.

अंधार पडता पडता मी घरी आले. काका जिन्यातच होते. मी कार्ड दिलं. त्यांनी रकाना बघितला, लाल पेन काढून खाली रेघ मारली. मग उठले, खिळ्यावरचं ते वर्षभर पिवळं पडलेलं गुरुवारचं कार्ड काढलं, आणि मला वाटलं आता त्याच्यावरही रेघ मारणार. नाही मारली. ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे तुमच्याकडे राहू दे."

मी आता बदलापूरला माझ्या घरात राहते. सोसायटीच्या ग्रुपवर दिवसाला साठ-सत्तर मेसेज येतात. कामाचं काही असलं तर मी ते टाकते, आणि मग चप्पल घालून खाली जाऊन वॉचमनच्या बायकोला सांगून येते. सेक्रेटरी हसतात. सुगंधा दुसऱ्या वर्षाला आहे. काका आहेत, स्टुलावर आहेत, परवाच मी गेले होते तर त्यांनी पायरीवर बसवून माझ्याकडून एक कार्ड लिहून घेतलं.

ते गुरुवारचं कार्ड माझ्या कपाटात आहे. त्याचा शेवटचा रकाना कोरा आहे.